कडेचे दाणे

ज्या माणसानं दोन उन्हाळे मला धड झोपू दिलं नाही, त्याच्याविषयी चार शब्द चांगले लिहायचे म्हणजे आधी माझाच राग आवरायला हवा. तो आवरेल असं वाटत नाही. तरी लिहिते.

सालेकशाच्या शाळेत मराठीची शिक्षिका म्हणून मी रुजू झाले, तेव्हा स्टेशनच्या मागच्या गल्लीत एका घराची वरची खोली मला मिळाली. खाली मालक आणि त्यांची बायको. मालक रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते, निवृत्त होऊन काही वर्षं झालेली. मी त्यांना काका म्हणायचे, ते मला मॅडम. खोली हवेशीर, पाणी भरपूर, शेजार शांत. काकूंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "बाई, तुले झोप लवकर लागते का उशिरा?" मी म्हटलं, लवकर. "अरे माय," एवढंच म्हणून त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

इंजिनात दोघं असतात, ड्रायव्हर आणि असिस्टंट. सिग्नल दिसला की एकानं हात लांब करून तो मोठ्यानं सांगायचा आणि दुसऱ्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहून तोच मोठ्यानं परत सांगायचा, असा नियम. काकांनी नोकरी सोडली, नियम सोडला नाही. रात्री जेवणं झाली की ते स्वयंपाकघराकडे हात करून ओरडत, "गॅस बंद!" काकूंनी शेगडीपाशी जाऊन, बघून, "गॅस बंद!" म्हणायचं. मग "फाटक बंद!" मग "मोटार बंद!" बसल्या जागेवरून उत्तर दिलं तर ते बरोबर ओळखत. "न पायता बोलली तू. जा, पाय." काकू जायच्या, पाहायच्या, आणि परत येताना जे पुटपुटायच्या ते मराठीच्या शिक्षिकेनं लिहिण्यासारखं नाही.

"एकानं पायलेला सिग्नल सिग्नल नसते, मॅडम," ते मला सांगायचे. "एकाच्या डोळ्यात झोप असू शकते. दोघाईनं सारखं पायलं तं ते खरं."

हे घरापुरतं राहिलं असतं तर मी कानात कापूस घालून निभावलं असतं. पण काकांना आकाशाचा नाद होता. त्यांच्याकडे एक जाड बायनॉक्युलर होता आणि साडेचार इंची आरशाची एक दुर्बीण. दुर्बिणीबरोबर आलेला स्टँड लटपटतो म्हणून त्यांनी काकूंच्या शिलाई मशीनचा लोखंडी सांगाडा काढून स्लॅबवर नेला आणि दुर्बीण त्याच्यावर बसवली. मशीन तेव्हापासून कपाटावर धूळ खात होतं आणि गल्लीतल्या बाया ब्लाऊज शिवायला आमगावला जात होत्या. आणि या आकाशालाही काकांनी रेल्वेचाच नियम लावला होता. एक रजिस्टर होतं. त्यात तारीख, काय पाहिलं, कसं दिसलं, आणि शेवटचा रकाना, दुसऱ्याला कसं दिसलं. शेवटचा रकाना कोरा असेल तर ती नोंद धरायची नाही.

हा शेवटचा रकाना बरीच वर्षं काकूंनी भरला. मग त्यांच्या मानेनं संप केला आणि माझी नेमणूक झाली. मला कोणी विचारलंसुद्धा नाही. एके रात्री दार वाजलं, बाहेर काका. "मॅडम, चला. आकाश मोकळं आहे."

त्यांच्या पायी काय काय सोसलं ते सांगते. माझ्या खोलीची खिडकी स्लॅबवर उघडायची, म्हणून माझ्या खोलीत लाल बल्ब लागला. पांढऱ्या उजेडानं अंधाराला सरावलेला डोळा बिघडतो, लाल उजेडानं बिघडत नाही, असं त्यांचं म्हणणं. असेल. पण सहामाहीचे पेपर मी त्या बल्बखाली लाल शाईनं तपासले. लाल उजेडात लाल शाई दिसत नाही हे मला कोणी शिकवलं नव्हतं. एकाच निबंधाला मी दोनदा गुण दिले, दोन्ही वेळा वेगवेगळे, आणि मुख्याध्यापकांनी सगळ्या शिक्षकांसमोर तो पेपर मला वाचून दाखवला. मी घरी येऊन काकांवर ओरडले. ते शांतपणे म्हणाले, "तं निळ्या शाईनं तपासत जा ना." गल्लीतल्या खांबावरच्या दिव्याला ते बांबूनं पोतं घालायचे. लाइनमननं ते तीनदा काढलं, काकांनी चारदा घातलं.

दुसरा जाच भाषेचा. पहिल्यांदा दुर्बिणीतून चंद्र पाहिला तेव्हा मी आपली म्हणाले, "अगदी भाजलेल्या पापडासारखा दिसतो हो." काकांनी पेन खाली ठेवलं.

"कशासारखा दिसते ते नका सांगू. कसा दिसते ते सांगा."

"अहो, पण कसा दिसतो ते कशासारखा म्हटल्याशिवाय कसं कळणार?"

"सिग्नल कशासारखा हिरवा आहे असं कोनी सांगते का?"

दहावीला कल्पनाविस्तार शिकवणाऱ्या बाईला हे ऐकावं लागत होतं, तेही रात्री अकरा वाजता, अंगावर शाल घेऊन.

आता मुख्य गोष्टीवर येते. त्यांचा सगळ्यात लाडका होता तो नरतुरंग तारकासमूहातला गोळा. लाखो तारे एकत्र गच्च बसलेला गोलाकार तारकागुच्छ. आपल्याकडून तो दक्षिणेला, जंगलाच्या डोंगरांच्या थोडा वर दिसतो आणि तोही उन्हाळ्याच्या तोंडावरच. चित्रा नक्षत्राचा तारा दक्षिणेला नीट उंच आला की त्याच्या सरळ खाली उतरायचं. काका हात लांब करून गरजायचे, "चित्रा!" मी हात लांब करून म्हणायचं, "चित्रा!" गल्लीतल्या एका म्हातारीनं काकूंना विचारलं होतं, तुमची चित्रा नावाची पोरगी रोज रात्री कुठं जाते म्हणून.

नुसत्या डोळ्यांना तिथे एक पुसट तारा. बायनॉक्युलरमधून एक मऊ गोल डाग. आणि दुर्बिणीतून, हवा स्वच्छ असेल आणि डोळा तयार असेल, तर त्या डागाच्या कडेला बारीक बारीक ठिपके सुटे होतात. काका त्यांना दाणे म्हणायचे. दाणे दिसले म्हणजे तो ढगाचा तुकडा नाही, तारे आहेत, हे आपल्या डोळ्यांनी पटलं. त्यांच्या लेखी सगळ्या आकाशाची परीक्षा ती होती, आणि डोळ्यांचीही. एवढी वर्षं दर उन्हाळ्यात त्यांच्या रजिस्टरात लिहिलेलं होतं, कडेचे दाणे सुटे.

पहिल्या उन्हाळ्यात मी खरं सांगितलं. म्हटलं, काका, डाग दिसतो, दाणे नाही दिसत.

"परत पाहा."

पाहिलं. "नाही दिसत."

"सरळ नका पाहू. जरा बाजूले पाहा, तिरप्या नजरेनं. मग मधात येते ते."

जे पाहायचं त्याच्याकडे पाहायचं नाही, ही कोणती रीत? मी बाजूला पाहिलं, वर पाहिलं, खाली पाहिलं. श्वास रोखून पाहिलं, काकांनी सांगितलं म्हणून दुर्बिणीवर बोटानं टिचकी मारून पाहिलं. दीड तासानं दोन ठिपके चमकल्यासारखे झाले, खरंच झाले की डोळ्याला आलेला ताण होता कोण जाणे, आणि मला खोलीत जायची परवानगी मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळची शाळा. सात वाजता मी प्रार्थनेला उभी आणि डोळे मिटल्यावर उघडेनात.

त्यात उन्हाळा म्हणजे मोहाचा हंगाम. पहाटे फुलं वेचायला सोपं जावं म्हणून लोक झाडाखालचा पाला आधी जाळून घेतात, आणि तो धूर दक्षिणेकडच्या डोंगरांवर चादर घालून बसतो. काकांचा गोळा नेमका त्या धुरात. एकदा ते स्कूटरवर मला मागे बसवून जंगलाकडच्या एका वस्तीवर गेले, लोकांना समजावायला. एका झाडाखाली एक म्हातारी टोपली घेऊन वाकली होती. काकांनी तिला दुर्बीण, तारे, धूर, सगळं सांगितलं. तिनं पूर्ण ऐकून घेतलं.

"पाला नाई जाळला तं फूल दिसन का, भाऊ? तुमी वरचे वेचा. आमाले खालचे वेचू द्या."

काकांनी स्कूटरला किक मारली. परतताना अर्ध्या वाटेत स्कूटर थांबवून म्हणाले, "बरोबर बोलली ते. तिलेबी दिसलं पाहिजे." त्यानंतर धुराबद्दल त्यांनी कोणाला एक शब्द ऐकवला नाही. पण मला ऐकवणं चालूच होतं.

दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत मी शहाणी झाले होते. नाही म्हटलं की दोन तास जातात, हो म्हटलं की पाच मिनिटांत सुटका, हा हिशेब मला पाठ झाला होता. एप्रिलच्या सुरुवातीची गोष्ट. अमावास्या जवळ आलेली, रात्रीचे बारा वाजत आलेले, हवेत धुराचा वास. दुसऱ्या दिवशी माझा वर्गावर तपासणी पाठ होता. काकांनी बराच वेळ दुर्बिणीला डोळा लावला आणि मला जागा दिली. मी वाकले. धुरकट डाग. दाण्याचं नाव नाही.

"कडेचे दाने?" काकांनी विचारलं.

"दिसतात."

"सुटे?"

"हो. अगदी सुटे सुटे. डावीकडे जास्त आहेत, उजवीकडे विरळ. मधे मात्र गच्च." एवढं बोलून थांबावं ना. पण विषय दिला की विस्तार करायची सवय. "वरच्या बाजूला दोन जरा ठळक आहेत."

 काकांनी मला बाजूला केलं आणि स्वतः पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. तिरपं पाहिलं, चष्मा काढून पाहिलं, चष्मा घालून पाहिलं. माझ्या डोक्यात फक्त उशी होती. शेवटी म्हणाले, "जा मॅडम, झोपा." रजिस्टरात माझा रकाना त्यांनी लिहिला. त्यांच्या रकान्यात काय लिहिलं ते मी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुर्बीण काकूंच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून कोपऱ्यात उभी होती. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. आठ दिवस मी गाढ झोपले. लाल बल्ब काढून पांढरा लावला, कोणी हरकत घेतली नाही. खांबावरचं पोतं निघालं ते निघालंच. रात्री खालून "गॅस बंद!" ऐकू येईना. मला वाटलं, चला, सुटला एकदाचा नाद.

एक दिवस काकू माझ्या खोलीत येऊन बसल्या. "बाई, यायचं काही खरं दिसून नाई राहिलं मले. रात्री गॅसचं विचारत नाई. मीच बंद बंद म्हनतो तं आयकत नाई. स्कूटर काढत नाई. काल गोंदियाले जाऊन चष्मेवाल्याकडं डोरे तपासून आले."

"मग? काय निघालं?"

"तो म्हने सगळं बरोबर. पन हे म्हनतात, त्याच्या भिंतीवरचा तक्ता मले पाठ आहे, रेल्वेच्या मेडिकलपासून. डोरे मिटून बी वाचीन." काकू पदराशी चाळा करत होत्या. "बाई, त्या रात्री तुले दाने दिसले ना? यायले नाई दिसले. निस्तं धुकटं दिसलं. तेव्हापासून म्हनतात, माझे डोरे गेले."

मी त्यांना पाणी दिलं.

मनातल्या मनात मी काकांवरच चिडले. एवढा अडेल माणूस! चष्मेवाल्यावर विश्वास नाही, आणि पेंगुळलेल्या भाडेकरणीच्या शब्दावर एवढा? माझं कधी काही ऐकलं नाही आणि ऐकलं ते नेमकं खोटं! पण चिडून काय होणार. मला कळत होतं की मी काय केलं आहे. उद्या सांगू, परवा सांगू, असं करत मी दिवस काढले.

पौर्णिमेला त्यांच्या घरी बुद्धवंदना असायची आणि मीही खाली जाऊन बसायचे. त्या पौर्णिमेला पंचशील म्हणताना चौथ्या शीलाशी, खोटं न बोलण्याच्या, मी नुसते ओठ हलवले. वंदनेनंतर काकांनी आतून बायनॉक्युलर आणून माझ्या मांडीवर ठेवला.

"तुमच्या डोळ्यात जोर आहे. तुमीच वापरा. माझ्याजवळ आता शोभत नाई."

काकूंनी खिरीची वाटी दिली, ती मला संपवता आली नाही. तरीही मी बोलले नाही. भित्री, दुसरं काय.

बोलायला लागलं ते दोन दिवसांनी. संध्याकाळी बाजारातून येताना काका रुळांपाशी उभे दिसले. पलीकडे घर. दोन्ही बाजू मोकळ्या, कुठे गाडी नाही, गाड्यांचा सिग्नलही लाल. हा माणूस तीस वर्षं याच रुळांवरून गाड्या नेत होता. मला पाहून त्यांनी हात पुढे केला आणि हळूच विचारलं, "मॅडम, लाईन मोकळी आहे ना? जरा हात धरजा."

मी हात धरला. रूळ ओलांडले आणि पलीकडच्या खडीवर उभी राहूनच सगळं सांगून टाकलं. त्या रात्री मला काही दिसलं नव्हतं. झोप आली होती म्हणून खोटं बोलले. डावीकडे जास्त, वरती दोन, सगळं मनचं.

त्यांनी माझ्या हातातून हात काढून घेतला. सुटकेचा श्वास टाकतील असं मला वाटलं होतं.

"इंजिनात असत्या तं तुमाले घरी पाठवलं असतं," ते म्हणाले आणि चालू लागले. घरी पोचल्यावर रजिस्टर आणून माझ्यापुढे आपटलं. "आनखी कोनते?"

रात्री दहापर्यंत मी त्यांच्या ओट्यावर बसून दोन वर्षांच्या नोंदी वाचत होते. ही खरी. ही खोटी. ही अर्धी खरी, एक तारा दिसला होता, दुसरा तुम्ही म्हणालात म्हणून म्हटलं. प्रत्येक खोट्या नोंदीवर ते पट्टी ठेवून रेघ मारत होते. एकदाही ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला उलट बोलता आलं असतं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं.

एप्रिल संपत आला. एका संध्याकाळी अवकाळी सरी येऊन गेल्या, धूर बसला, आणि दुसऱ्या रात्री दक्षिणेचं आकाश धुतल्यासारखं निघालं. साडेदहाला माझं दार वाजलं. काका. लुगडं सोडून दुर्बीण लावलेली होती.

"चला. आधी मी पायलं आहे. मी काय पायलं ते सांगनार नाई. तुमी सांगा."

मी वाकले. आणि सांगते, त्या दुर्बिणीतून मी पहिल्यांदाच मन लावून पाहिलं, तेही काही दिसू नये म्हणून. डाग दिसू दे. नुसता डाग. मी म्हणेन दाणे नाहीत, ते म्हणतील मलाही नाहीत, आणि हा सगळा उपद्व्याप संपेल. मी सरळ पाहिलं. डाग होता. मग त्यांनी शिकवलं होतं तसं जरा बाजूला पाहिलं.

डावीकडे एक दाणा होता. मग आणखी एक. मग कडेला कितीतरी, टोचल्यासारखे बारीक, आणि काही केल्या जाईनात. मी डोळा काढला, चोळला, परत लावला. होतेच. म्हणजे काकांना दिसले नसतील, तर दोष खरंच त्यांच्या डोळ्यांचा. मला खोटारडी ठरायचं होतं आणि तेवढंही मला जमलं नाही.

मी बराच वेळ वाकून राहिले. मान दुखायला लागली तरी उठले नाही, कारण उठलं की बोलावं लागणार होतं.

"मॅडम," काका म्हणाले.

"दाणे दिसतात, काका."

"कुठं?"

"डावीकडे जास्त. खालच्या बाजूलाही आहेत. सुटे आहेत." मी उठून बाजूला झाले. "खरंच दिसतात हो. शपथेवर सांगते."

ते पुढे झाले आणि डोळा लावला. मी त्यांच्या पाठीकडे पाहत उभी होते. स्टेशनात मालगाडी थांबली होती, तिचं इंजिन धडधडत होतं. मालगाडी निघून गेली तरी ते वाकलेलेच होते.

"मले डाग दिसते," ते म्हणाले. "निस्ता डाग."

मग त्यांनी रजिस्टर उघडून लाल कापड बांधलेल्या टॉर्चच्या उजेडात ठेवलं आणि माझ्या हाती पेन दिलं. माझा रकाना मी लिहिला. त्यांचाही मलाच लिहायला लावला. दुसऱ्या दिवशी ते गोंदियाला गेले, चष्मेवाल्याकडे नाही, डोळ्यांच्या डॉक्टरकडे, आणि तिथे त्यांनी आधी भिंतीवरचा तक्ता उलटा टांगायला लावला, असं काकू सांगत होत्या. मोतीबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत.

पण ते नंतरचं. त्या रात्री मी रजिस्टर मिटून खोलीकडे वळले, तेव्हा त्यांनी मागून थांबवलं.

"त्या दिवशीचं खोटं मी विसरनार नाई, मॅडम."

"नका विसरू," मी म्हटलं.

"पन आज तुमी खोटं बोलल्या असत्या तं मले लय बरं वाटलं असतं." त्यांनी दुर्बिणीच्या तोंडावर झाकण बसवलं. "बोलल्या नाई. चांगलं केलं."